मेफ्लाय एका दिवसाची नसते हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत मेफ्लाय या पाण्याजवळच्या नाजूक उडत्या कीटकावर एक छोटी चौकट होती, एका दिवसाचं आयुष्य अशा अर्थाचं काहीतरी शीर्षक होतं, आणि त्यावर परवा दादरच्या एका काकांचं पत्र आलंय. ते विचारतात की पाण्यातल्या पिल्लावरून नवीन प्रजाती सापडल्याचं कसं काय जाहीर करतात, सुरवंट बघून कोणी फुलपाखराचं बारसं करतं का. पत्र वाचलं आणि चहा तसाच राहिला, म्हटलं याला उत्तर लिहायलाच पाहिजे. काकांवर राग वगैरे अजिबात नाही, उलट इतका नेमका प्रश्न माझ्या एमएस्सीच्या मुलांनीसुद्धा कधी विचारला नव्हता. मी बोरिवलीला राहते, कॉलेजात झूऑलॉजी शिकवते, आणि गेली चार वर्षं कर्जतकडच्या एका ओढ्यातल्या मेफ्लायवर आमचं काम चालू आहे, ती नवीन प्रजाती आहे असं आमचं मत झालंय आणि तिचं वर्णन आम्ही निम्फवरूनच लिहितोय, निम्फ म्हणजे तेच, काका ज्याला पिल्लू म्हणतात ते. वर्णन अजून छापून आलेलं नाही म्हणून नाव किंवा ओढ्याचा पत्ता आत्ता देत नाही, छापताना तो अक्षांश-रेखांशासकट देऊच.

आधी ते एका दिवसाचं. या गटाचं शास्त्रीय नाव एफेमेरॉप्टेरा, ग्रीकमध्ये एफेमेरॉस म्हणजे एका दिवसाचं आणि प्टेरॉन म्हणजे पंख, म्हणजे गैरसमज नावातच बसलाय. पण हा दिवस मोजलाय तो फक्त पंख फुटल्यानंतरचा. त्याच्या आधी हा जीव पाण्याखाली कित्येक आठवडे काढतो, महिने काढतो, थंड देशांत तर काही जाती दोन-तीन वर्षंसुद्धा काढतात, पंधरा-वीस वेळा तरी कात टाकतात, काही त्याहून बरीच जास्त, दगडावरचं शेवाळ खरवडून खातात, कुजलेला पाला खातात, माशा-खेकड्यांपासून जीव वाचवतात. हॉलंडच्या स्वामरडाम या कीटक-अभ्यासकानं १६७५ साली मेफ्लायवर लिहिलं तेव्हाच त्यानं नोंदवून ठेवलंय की हे पिल्लू नदीच्या चिखलात तीन वर्षं राहतं. साडेतीनशे वर्षं झाली की हो या गोष्टीला! पंख आलेल्या मेफ्लायचं तोंड कामाचं उरत नाही, ती काही खात नाही, पोटात अन्नाच्या जागी हवा असते, फक्त जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची एवढंच काम बाकी असतं. अमेरिकेत डोलानिया नावाची एक आहे तिची मादी पंखवाली झाल्यावर पाच मिनिटंसुद्धा टिकत नाही, आणि दुसरीकडे साठलेल्या पाण्यात राहणारी क्लोइऑन डिप्टेरम, तिची मादी दोन आठवड्यांपर्यंत जगते. म्हणजे एक दिवस हा आकडा धड पंखवाल्यांनाही लागू नाही. आणि जाता जाता सांगते, पहिल्या पावसानंतर आपल्याकडे ट्यूबलाइटखाली जे पंखवाले किडे जमतात, सकाळी झाडूने नुसते पंखच पंख निघतात, ती वाळवी असते, मेफ्लाय नाही, दरवर्षी जून आला की मला निदान दहा जण तरी तसे फोटो पाठवतात.

आता काकांचा सुरवंट. सुरवंट आणि फुलपाखरू यांच्यामध्ये कोष असतो, कोषात सगळं मोडून नव्यानं बांधलं जातं, त्यामुळे सुरवंटाच्या अंगावर बाहेरून पंख कुठे दिसतच नाहीत. मेफ्लायला कोष नसतो. निम्फच्या पाठीवर पंखांच्या कळ्या बाहेरूनच दिसतात, प्रत्येक कातेबरोबर थोड्या मोठ्या होतात आणि शेवटच्या वेळी काळ्या पडतात, कारण आत घडी घातलेला पंख तयार असतो. आमच्या निम्फ ज्या घराण्यातल्या आहेत त्या बेटिडी घराण्यात तर नराच्या डोळ्याचा वरचा भाग फेटा बांधल्यासारखा गोल वर आलेला असतो, आणि तो फेटा पूर्ण वाढलेल्या नर निम्फच्या डोक्यात कातडीखाली तांबूस ठिपक्यासारखा आधीच दिसायला लागतो. तर बारसं सुरवंटाचं नाही होत काका, उद्या ज्याचं लग्न आहे अशा मुलाचं होतं. आम्ही वर्णनाला निवडतो त्या फक्त काळ्या कळ्यांच्या, पूर्ण वाढलेल्या निम्फ, लहानांना हात लावत नाही, कारण लहान वयात नखांवरचे दात कमी असतात, गिल्सचा, म्हणजे पाण्यात श्वास घ्यायच्या कल्ल्यांचा, आकार वेगळा असतो आणि एकाच प्रजातीच्या दोन वयांना दोन नावं देऊन बसायची भीती असते.

काकांनी विचारलं नाहीये पण मला सांगायचंय, हे काम कसं होतं ते. रविवारी पहाटे बोरिवलीहून दादर, दादरला बदलून कर्जत लोकल. सोबत चाळणीसारखी जाळी, पांढरा ट्रे, मऊ ब्रश, अल्कोहोलच्या छोट्या बाटल्या आणि भाजीच्या थर्मोकोलच्या डब्यात बर्फ. लेडीज डब्यात हमखास कोणीतरी विचारतं, मासे का हो, आणि मग बदलापूर येईपर्यंत माझं लेक्चर चालतं, बायका मन लावून ऐकतात, कोणी कोणी मोबाइलवर फोटो बघून म्हणतं अय्या हे तर झिंग्याच्या पोरासारखं दिसतं. खरंच दिसतं तसं. कर्जतहून शेअर रिक्षा, मग पाऊण तास चालणं. पावसाळ्यात या ओढ्यांत उतरायचं नाही, पाणी कधी वाढेल सांगता येत नाही, आमचा सीझन दिवाळीनंतर, पाणी निवळलेलं असतं, वाहतंही असतं, मार्चनंतर बऱ्याच ओढ्यांचे नुसते डोह उरतात. खळाळत्या जागी वाकायचं, खालच्या बाजूला जाळी धरायची, दोन हातांनी दगड सावकाश उचलायचा आणि उलटा करायचा. पहिली दोन सेकंद काही दिसत नाही. मग दगडाचा एक तुकडा सरकतो, आणि कळतं तो दगड नव्हता. चपट्या जातीच्या असतात त्या खेकड्यासारख्या आडव्या पळतात आणि दगडाच्या दुसऱ्या बाजूला जातात, आमच्या बेटिडी म्हणजे निमुळत्या, पाच-सहा मिलिमीटरच्या, पाण्याबाहेर आल्या की शेपटी झटकतात. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारख्या गिल्स, मागे शेपटीचे तीन धागे, पायाला एकच नख. हे एक नख लक्षात ठेवा, त्याच ओढ्यात स्टोनफ्लायची पिल्लं असतात ती बरीच सारखी दिसतात पण त्यांच्या पायाला दोन नखं असतात. मी मुलांना ट्रेवर भिंग धरून आधी पाय बघायला लावते.

वाडीतल्या एक मावशी आमच्याबरोबर असतात, त्यांचा त्या ओढ्यावर जन्म गेलाय. पहिल्या दिवशी मी दगड उलटे करून तसेच टाकत होते तर त्या मागून येऊन एकेक दगड होता तसा, होता त्या बाजूला ठेवत होत्या. मी विचारलं मावशी हे कशाला, म्हणाल्या अगं त्याचं छप्पर उपटलंस ना तू. त्या दिवसापासून आमच्या टीमचा नियमच झाला, दगड जसा होता तसा परत. मी वीस वर्षं शिकवतेय, ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती.

खरी परीक्षा घरी आल्यावर. म्हणजे लॅबमध्ये. एक निम्फ पूर्ण उघडायला माझी अख्खी संध्याकाळ जाते. बारीक चिमटा आणि सुईच्या टोकाला बसवलेली केसाएवढी पिन, त्याने डोकं वेगळं करायचं, मग तोंडाचे भाग एकेक सुटे करायचे, वरचा ओठ, डावा जबडा, उजवा जबडा, मधली जिभेसारखी हायपोफॅरिंक्स, मॅक्झिला म्हणजे जबड्यांमागची दुसरी जोडी, खालचा ओठ म्हणजे लेबियम. मग स्लाइडवर मांडून वर कव्हरस्लिप. डावा आणि उजवा जबडा सारखे नसतात, त्यामुळे दोन्ही काढावे लागतात, दोन्ही सरळ पडावे लागतात. एकदा असं झालं की सगळ्यात चांगल्या नमुन्याचा उजवा जबडा कव्हरस्लिप ठेवताना उलटला, दात खाली गेले, आणि तोवर स्लाइडवरचं चिकट माध्यम घट्ट झालं होतं. तो नमुना गेला. त्यासाठी त्या ओढ्यातला एक जीव खर्च झाला होता ही गोष्ट मला अजून लागून राहिलीय, तेव्हापासून मी थकलेली असले तर स्लाइड करायला बसतच नाही.

आता प्रजाती ठरते कशावरून? लेबियमच्या पाल्पचं, म्हणजे बोटासारख्या पेरांच्या भागाचं, शेवटचं पेर कसं आहे, गोल की टोकदार की एका बाजूला फुगीर. वरच्या ओठावर केसांची रांग किती आणि कशी. नखावर दातांच्या ओळी एक की दोन, आणि शेवटचा दात केवढा. पोटाच्या प्रत्येक खंडाच्या मागच्या काठावर काट्यांची झालर असते, त्या काट्यांचा आकार. गिल्स किती जोड्या, सातच्या सात की पहिली नाही. हे एका निम्फमध्ये बघून चालत नाही, पंधरा-वीस निम्फमध्ये सारखंच आलं पाहिजे, आणि मग जवळच्या माहीत असलेल्या प्रत्येक प्रजातीशी ताडून बघायचं. माझं स्वतःचं मत विचाराल तर एकाच नमुन्यावर नवीन प्रजाती काढू नये. नियम अडवत नाहीत, पण काढू नये. त्याच जागी पुन्हा जा, दुसऱ्या वर्षी जा, मिळाली तर लिहा.

काकांच्या प्रश्नामागे आणखी एक शंका आहे ती जास्त गंभीर आहे, त्यांनी शब्दांत मांडली नसली तरी. समजा हीच मेफ्लाय पंखवाल्या रूपात आधी कोणीतरी पकडली असेल आणि तिला नाव देऊन टाकलं असेल तर? जुन्या काळी बरीचशी वर्णनं फक्त पंखवाल्या कीटकांवरून व्हायची, दिव्याला आलेला नर पकडला, त्याच्यावरून नाव दिलं, पण त्याचं पिल्लू कसं दिसतं कोणालाच ठाऊक नाही. अशी अर्धवट नावं भारतात अजून आहेत. म्हणून जोडणी करावी लागते, निम्फ आणि पंखवाली एकच आहेत हे दाखवायचं. एक मार्ग डीएनएचा, सीओआय नावाच्या जीनचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात, निम्फचा आणि पंखवालीचा जुळला की झालं. दुसरा मार्ग जुना आणि माझ्या आवडीचा, निम्फला वाढवायचं.

मी हे आमच्या बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये केलंय, किचनच्या खिडकीत. काचेच्या बरणीत ओढ्याचं पाणी, दोन दगड, फिश टँकचा एअरपंप, बाहेर जाळी आणि पाणी गार राहावं म्हणून बाजूने ओला पंचा गुंडाळलेला. काळ्या कळ्यांची निम्फ ठेवली की एक-दोन दिवसांत तिला पंख फुटतात किंवा ती मरते. माझ्या पहिल्या सहा मेल्या. सातवी एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, दगडावरून सुटली आणि वर तरंगत आली, पाठ पाण्याच्या बाहेर आली, मधोमध फाटली, आणि मी श्वास रोखून बघतेय तोवर त्या फटीतून ती बाहेर उभी राहिली, पंख सरळ उभे, मळकट, धुरकट. कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत सगळं संपलं होतं. ही तिची पूर्ण अवस्था नव्हे, याला सबइमॅगो म्हणतात. रात्रभर ती जाळीला चिकटून बसली, आणि सकाळी बघते तर जाळीवर मळकट पंखांसकट एक रिकामी कात आणि शेजारी तीच, पण पंख आता काचेसारखे लख्ख, डोळ्यांवर फेटा, म्हणजे नर. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांमध्ये आज हा एकच गट आहे. मी मुलाला झोपेतून उठवून दाखवलं. तो नर, त्याची निम्फची कात आणि ती दुसरी कात, तिन्ही एकाच बाटलीत आहेत, एकाच नंबरखाली. कातेवर तोंडाचे भाग, नखं, काटे सगळं जसंच्या तसं असतं, त्यामुळे आता कोणी म्हणू शकत नाही की निम्फ एकीची आणि पंख दुसरीचे.

मग एवढं सगळं हातात असून वर्णन निम्फवरून का, असं काका विचारतील. कारण आमच्याकडे असे नर तीनच आहेत, मादी एकही नाही, आणि निम्फ भरपूर. शिवाय खरं सांगू का, पुढे जो कोणी त्या ओढ्यात किंवा दुसऱ्या कुठल्या ओढ्यात जाईल त्याला निम्फच भेटणार आहे. पंखवाली संध्याकाळी अर्धा-पाऊण तास वर दिसते आणि गायब होते. पाण्याची तब्येत तपासायला जे लोक जातात ते दगडाखालचे जीव मोजतात, मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय, हे तीन गट भरपूर असले की पाणी बरं समजायचं. ब्रिटनमध्ये जी गुणांची पद्धत काढली तीत चपट्या मेफ्लायच्या घराण्याला दहापैकी दहा गुण आणि बेटिडींना चार, कारण बेटिडी थोडी घाण सहन करतात. हे काम करणाऱ्याला निम्फचं नाव पाहिजे, उडणारीचं नाव घेऊन तो काय करणार.

आणि जगभर हे चालतं हो. प्राण्यांच्या नावांचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, ज्यांची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे, त्यात प्राणी पूर्ण वाढलेलाच पाहिजे असं कुठेही नाही. एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा मुख्य नमुना, म्हणून नेमून द्यावा लागतो, तो कुठल्या संग्रहात ठेवणार ते लिहावं लागतं, सोबतचे बाकीचे नमुने ते पॅराटाइप. ऑनलाइन छापायचं तर २०१२ पासून झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद पाहिजे. आपल्या देशाचा २००२ चा जैवविविधता कायदा आहे त्याच्या ३९ व्या कलमात तर स्पष्ट आहे की कोणीही नवीन प्रजाती शोधली तर तिचा नमुना सरकारनं ठरवलेल्या भांडारात जमा करायचा, म्हणजे आमच्या घरात किंवा कॉलेजच्या कपाटात तो राहणार नाही, काकांच्या नातवालाही उद्या मागून बघता येईल. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या म्युझियममधल्या काल्टेनबाख आणि गातोलिया यांनी न्यू गिनीतून लॅबिओबेटिस या एका जीनसच्या, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या एका गटाच्या, दोन डझनांहून जास्त नव्या प्रजाती लिहिल्या, निम्फवरून. आणि आपल्याकडे लांब कशाला जा, तमिळनाडूत मदुराईच्या शिवरामकृष्णन सरांनी ऐंशीच्या दशकात पश्चिम घाटातल्या ओढ्यांत उतरून जे काम केलं, १९८४ मध्ये कुर्तालमच्या नावाची पीटरसुला कोर्टालेन्सिस लिहिली, त्या पायावर आज आम्ही उभे आहोत. सह्याद्रीच्या आपल्या टोकाला तेवढे दगड अजून कोणी उलटे केलेले नाहीत.

निम्फनं माणसांना फसवलंय हेही मी लपवणार नाही. १७६२ साली फ्रान्समध्ये जॉफ्रुआ या कीटक-अभ्यासकाला पाण्यात एक जीव सापडला, पाठीवर ढाल, कासवासारखा गोल, गिल्स सगळ्या ढालीखाली झाकलेल्या. त्याला वाटलं हा कोळंबी-खेकड्यांच्या जातीतला. बाकीच्यांनाही तसंच वाटलं. जवळजवळ एकशे दहा वर्षांनी, १८७२ च्या सुमारास, जोली बापलेकांनी दाखवून दिलं की ही मेफ्लायची निम्फ आहे. प्रोसोपिस्टोमा म्हणतात तिला, भारतातही मिळते. पण यात मला वेगळंच काहीतरी दिसतं, ती निम्फ इतकी वेगळी होती की तिला दुसऱ्या कुठल्या मेफ्लायशी गोंधळणं शक्यच नव्हतं. ओळख पटायला उशीर झाला, पण जीव तोच राहिला. रूप ओळखता येण्यासारखं होतं म्हणून शंभर वर्षांनीही चूक सुधारता आली. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की डीएनएचा आकडा देऊन मोकळे होऊ नका, चित्र काढा, प्रत्येक काटा काढा, वाडीच्या शाळेतल्या एखाद्या मुलीला उद्या साधा मायक्रोस्कोप मिळाला तर तिला तुमचं चित्र बघून निम्फ ओळखता आली पाहिजे.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहितेय ते.

मागच्या वर्षी जानेवारीत आम्ही ओढ्यावर पोचलो तर ओळखीची जागा ओळखूच येईना. वरच्या अंगाला कोणाचं तरी फार्महाउसचं काम चालू होतं, त्याच्या भिंतीसाठी पोकलेन लावून ओढ्यातले दगड काढून नेले होते, साधारण दोनशे पावलं. पाणी वाहत होतं. पण खाली नुसता मुरूम आणि गाळ, चहासारखा रंग. आम्ही चौघांनी दोन तास जाळी लावली. पहिल्या वर्षी याच जागी एका दगडाखाली अकरा निम्फ मोजल्या होत्या. या वेळी एकही नाही, फक्त गाळात राहणाऱ्या लाल अळ्या. मावशी काठावर बसून होत्या, काही बोलल्या नाहीत. लहान धबधब्याच्या वर चढून गेलो तिथे दगड शिल्लक होते आणि त्याखाली निम्फ मिळाल्या, म्हणून आमचं काम वाचलं, पण पहिल्या नमुन्यांची जागा नकाशावर आहे आणि ओढ्यात नाही. पाणी कोणी विषारी केलं नव्हतं, कोणी कचरा टाकला नव्हता, उद्या पाणी तपासलं तर रिपोर्टही चांगला येईल कदाचित. फक्त दगड नेले. मेफ्लायला एवढं पुरतं, कारण तिचं सगळं आयुष्य दगडाच्या खालच्या बाजूला जातं, आणि आपण मात्र एका दिवसाची, एका दिवसाची म्हणत तिच्या पंखांच्या कविता करत बसतो. एका दिवसाचा जीव म्हटला की त्याचं घर कोणी विचारत नाही, म्हणून मला ती चौकट इतकी लागली.

मुंबईत राहणाऱ्यांना हे लांबचं वाटेल, पण दहिसर नदी बघा, नॅशनल पार्कात, तुळशीच्या डोंगराकडून येते तोवर ती नदी असते, खाली दगड, वर सावली, आणि पार्काच्या बाहेर आली की काही अंतरातच तिला आपण नाला म्हणायला लागतो. गाळ काढताना, भिंती बांधताना, तळाला काँक्रीट करताना पुराचा विचार होतो आणि तो व्हायलाच पाहिजे, २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी स्वतः अंधेरीहून बोरिवलीला चालत आलेय, पाण्याची भीती मला कोणी शिकवायला नको. पण वरच्या अंगाला, जिथे वस्ती नाही, तिथे तरी तळाचे दगड हात न लावता ठेवता येतील की नाही?

तुमच्याकडे एक मागणं आहे. दर जुलैत तुमची पावसाळी सहलींची पुरवणी निघते, कर्जत, भिवपुरी, नेरळ, बदलापूरकडचे धबधबे, कसं जायचं, काय खायचं. लोक ती कापून ठेवतात, आमच्या सोसायटीत लिफ्टजवळ चिकटवलेली असते. त्यात या वर्षी एवढं छापा की ओढ्यात साबण-शॅम्पू लावून आंघोळ करू नका, दगड रचून बांध घालून डोह करू नका, आणि दगड उलटा केलात तर तो होता तसा परत ठेवा. हे मावशींचं वाक्य आहे, माझं नाही, पण त्या पेपरला पत्र लिहिणार नाहीत. आणि पुन्हा कधी मेफ्लायवर लिहिलंत तर कृपा करून फोटो निम्फचा छापा. चांगले फोटो मी देते, पैसे नकोत.

दादरच्या काकांना माझा नमस्कार कळवा. कर्जतपर्यंत यायला जमणार नसेल तर कॉलेजात या, शनिवारी दुपारनंतर मी लॅबमध्ये असते, पत्ता आणि नंबर तुमच्या ऑफिसला वेगळा पाठवलाय. काळ्या कळ्यांची एक निम्फ मी मायक्रोस्कोपजवळ बाजूला काढून ठेवलीय, नर आहे, कातडीखाली फेटा दिसतो.

आपली,
एक प्राध्यापिका
बोरिवली (पूर्व), मुंबई